राष्ट्रांचे संकल्प आणि परक्यांची लेखणी

धार्मिक कृत्याच्या आरंभीं संकल्प सोडण्याची चाल आमच्या वाचकांस नवी नाहीं. पुरोहित देश, काल, गोत्र, नांव आणि कृत्याचा हेतु हीं सर्व क्रमानें उच्चारतो. यजमान हातांत पाणी घेऊन बसलेला असतो. आणि अखेरीस ‘करिष्ये म्हणा’ असें सांगितलें म्हणजे तो ‘करिष्ये’ म्हणून पाणी ताम्हनांत सोडतो. शब्द सगळे पुरोहिताचे, बंधन मात्र यजमानावर. पुष्कळ यजमानांस आपण काय बोललों याचा अर्थ ठाऊक नसतो, आणि पुरोहितासहि तो ठाऊक असतोच असें नाहीं. तरी संकल्प यजमानाचाच समजला जातो. हवेंत सोडल्या जाणाऱ्या उष्णताधारक वायूंविषयीं जगांतील राष्ट्रांनीं अलीकडच्या काळांत जे संकल्प केले, आणि ते करतां यावेत म्हणून गरीब राष्ट्रांस श्रीमंत राष्ट्रांनीं व आंतरराष्ट्रीय संस्थांनीं जें साहाय्य दिलें, त्याचा इतिहास वाचीत असतां आम्हांस हा ताम्हनाचा प्रकार वारंवार आठवतो. उपमा सर्वांशीं लागू नाहीं, हें पुढें दिसेलच.

प्रथम हें साहाय्य लागतें तरी कशास, तें सांगितलें पाहिजे. कारण परिषदांचीं वर्णनें वर्तमानपत्रांत पुष्कळ येतात, परंतु या कामाचें स्वरूप त्यांतून क्वचितच कळतें. समजा, एखाद्या राष्ट्रास असें जाहीर करावयाचें आहे कीं, अमुक वर्षापर्यंत आम्ही आमचे वायु इतके कमी करूं. त्यासाठीं आज ते किती आहेत हें आधीं मोजलें पाहिजे. दगडी कोळसा व तेल किती जळलें याचा हिशेब जकातीच्या व कारखान्यांच्या दप्तरांतून एक वेळ निघेल. परंतु भाताच्या खाचरांतून किती मिथेन निघाला, गुरांच्या रवंथांतून किती, शहराबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगांतून किती, तोडलेल्या रानामुळें किती कर्बवायु हवेंत गेला व उगवलेल्या रानानें किती परत घेतला, हें कोणत्याहि दप्तरांत लिहिलेलें नसतें. प्रत्येकासाठीं शास्त्रज्ञांनीं ठरविलेले गुणक आहेत. ते कोठें लावावे व कोठें लावूं नयेत हें जाणणारा मनुष्य लागतो. मग पुढील पंधरा वर्षांत लोकसंख्या, शेती, वीज व वाहनें यांची वाढ कशी होईल याचा अंदाज. मग त्यांतून काय कमी करतां येईल व त्यास किती खर्च लागेल याचा. आणि शेवटीं अर्थखातें, वीजखातें व शेतकीखातें यांस एका खोलींत बसवून तें सर्व मान्य करून घेणें. हें शेवटचें काम सर्वांत अवघड, हें सरकारी कचेऱ्यांची ज्यांस ओळख आहे त्यांस सांगावयास नको. जर्मनी किंवा जपान यांजवळ अशीं माणसें शेंकड्यांनीं आहेत. प्रशांत महासागरांतील एखाद्या द्वीपराष्ट्राचें पर्यावरणखातें मूठभर अधिकाऱ्यांवर चालतें, आणि हेंच त्यांचें एकमेव काम नसतें.

ही अडचण १९९२ सालीं रिओ-द-जानेरो येथें हवामानविषयक चौकट-करार झाला तेव्हांच ओळखली गेली होती, आणि त्या वेळच्या मुत्सद्द्यांनीं तिची जी तोड काढली ती आजच्या पुष्कळ गोष्टींहून अधिक सरळ होती असें आमचें मत आहे. करारान्वयें प्रत्येक राष्ट्रानें आपल्या वायूंचा व उपायांचा अहवाल द्यावयाचा होता. चौथ्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमांत असें स्पष्ट लिहिलें आहे कीं, हा अहवाल तयार करण्यास विकसनशील राष्ट्रांस जो खर्च येईल, तो परस्परसंमत असा पूर्ण खर्च श्रीमंत राष्ट्रांनीं द्यावा, आणि तो नव्या व अधिक द्रव्यांतून द्यावा. इतर कामांसाठीं केवळ ‘वाढीव’ खर्च, पण अहवालासाठीं पूर्ण; हा भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. बाराव्या कलमानें तर गरीब राष्ट्रांस अहवालासाठीं तीन वर्षांची मुदत देतांना ती करार लागू झाल्यापासून किंवा द्रव्य हातीं आल्यापासून मोजावी अशी सवलत ठेविली. आणि अत्यंत मागासलेल्या राष्ट्रांनीं तो आपल्या सवडीनें द्यावा असें म्हटलें. याचा अर्थ असा कीं, साहाय्य हें दान नव्हतें, देणें होतें. चौथ्या कलमाचें सातवें पोटकलम याहूनहि पुढें जाऊन सांगतें कीं, विकसनशील राष्ट्रें आपलें कर्तव्य कितपत पार पाडतील हें विकसित राष्ट्रें द्रव्य व तंत्रज्ञान देण्याचें आपलें कर्तव्य कितपत पार पाडतात यावर अवलंबून राहील. करार २१ मार्च १९९४ रोजीं अमलांत आला. आमच्या मतें पुढील सर्व इतिहास या दोन पोटकलमांवरील भाष्य होय, आणि भाष्यकार नेहमींच मूळ ग्रंथाशीं प्रामाणिक राहिले असें नाहीं.

खर्च देण्याचें काम ‘ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटी’ या निधीकडे गेलें. तो १९९१ सालीं जागतिक बँकेच्या आश्रयानें प्रायोगिक म्हणून निघाला व १९९४ मध्यें त्याची पुनर्रचना झाली. पैसा त्याचा, आणि तो पोंचविणाऱ्या संस्था म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम, पर्यावरण कार्यक्रम व स्वतः बँक. याखेरीज अमेरिकेनें रिओच्या सुमारास देशाभ्यासांचा एक स्वतंत्र उपक्रम सुरू करून पन्नासाहून अधिक देशांस वायुगणनेसाठीं तज्ज्ञ व द्रव्य पुरविलें. भारताचा पहिला अहवाल याच निधीच्या साहाय्यानें तयार होऊन जून २००४ मध्यें सादर झाला. चीनचाहि त्याच वर्षीं. भारताच्या अहवालांतील भावी तपमानाचे व पावसाचे अंदाज पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं काढले होते, हें महाराष्ट्रीय वाचकांस ठाऊक असावें. ज्या देशांत अशा संस्था अगोदरच उभ्या होत्या तेथें परकीय द्रव्यानें देशांतील विद्या कामास लागली. जेथें त्या नव्हत्या तेथें निराळा प्रकार झाला. द्रव्य एका अहवालापुरतें येई, त्यावर माणसें नेमलीं जात, अहवाल छापला जाई, आणि द्रव्य संपतांच माणसें पांगत. पुढच्या अहवालाच्या वेळीं पुन्हां श्रीगणेशा. भारताचादेखील दुसरा अहवाल २०१२ मध्यें निघाला. १९९९ सालीं विकसनशील राष्ट्रांच्या अहवालांसाठीं तज्ज्ञांचें एक सल्लागार मंडळ नेमण्यांत आलें, तें या उणीवा भरून काढण्यासाठींच. पण विहीर खणण्याऐवजीं घागरी भरून देण्याचीच पद्धति चालू राहिली.

असो. येथवरचा प्रश्न अहवालांचा होता, संकल्पांचा नव्हता. १९९५ च्या बर्लिन येथील ठरावानें विकसनशील राष्ट्रांवर नवें बंधन घालावयाचें नाहीं असें ठरलें, आणि १९९७ चा क्योटोचा मसुदा त्याप्रमाणेंच झाला. हिशेब सर्वांनीं द्यावा, व्रत मात्र श्रीमंतांनीं करावें, असा तो काळ होता. तो पालटला डिसेंबर २००७ मध्यें, बाली येथें. आणि पालटला तो तीन विशेषणांच्या जागेवरून, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों.

बालीच्या मसुद्यांत विकसनशील राष्ट्रांनीं आपापल्या परिस्थितीस अनुरूप अशा उपाययोजना कराव्या असें वाक्य होतें, आणि ‘मोजतां येण्याजोग्या, कळवितां येण्याजोग्या व पडताळतां येण्याजोग्या’ हीं तीन विशेषणें त्या उपाययोजनांस लागून होतीं. श्रीमंत राष्ट्रांनीं द्यावयाचें द्रव्य, तंत्रज्ञान व शिक्षण यांचा उल्लेख वाक्याच्या शेपटीस होता, आणि त्यास एकहि विशेषण नव्हतें. भारताच्या प्रतिनिधींनीं हीं तीन विशेषणें वाक्याच्या शेवटीं न्यावीं असा आग्रह धरला, म्हणजे गरिबांचीं कृत्यें व श्रीमंतांचें साहाय्य हीं दोन्ही एकाच मापानें मोजलीं जातील. परिषदेची मुदत संपून दिवस उलटला होता. अमेरिकेनें ही सूचना नाकारली. सभागृहांत तिच्याविरुद्ध गदारोळ झाला. पापुआ न्यू गिनी या लहानशा राष्ट्राच्या प्रतिनिधीनें, पुढारीपण करावयाचें नसेल तर निदान वाटेंतून दूर व्हा, अशा अर्थाचे कडक शब्द महासत्तेस ऐकविले. आणि थोड्या वेळानें अमेरिकेनें माघार घेतली. व्याकरणाचा अभ्यास निरुपयोगी आहे असें म्हणणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस हें उदाहरण आम्ही देत असतों. मात्र वाक्य जिंकलें म्हणजे वस्तु हातीं आली असें नाहीं. साहाय्य कसें मोजावें याचा वाद त्यानंतर वर्षानुवर्षें चालला; कर्ज हें साहाय्य धरावें कीं नाहीं यावरच अद्याप एकमत नाहीं.

दोन वर्षांनीं कोपनहेगन येथें दोन गोष्टी झाल्या. श्रीमंत राष्ट्रांनीं २०२० पर्यंत दरसाल शंभर अब्ज डॉलर उभे करण्याचें ध्येय मान्य केलें; आणि ३१ जानेवारी २०१० पर्यंत राष्ट्रांनीं आपापले संकल्प कळवावे असें ठरलें. परिषद संपल्यापासून या मुदतीपर्यंत सहा आठवडे होते. भारतानें राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणांत वायूंचें मान २००५ च्या तुलनेनें २०२० पर्यंत शेंकडा २० ते २५ नें कमी करण्याचें कळविलें. भारताजवळ निदान आकडे होते. ज्यांजवळ ते नव्हते त्यांनीं केवळ योजनांच्या याद्या पाठविल्या, आणि सहा आठवड्यांत याहून अधिक काय होणार?

खरा आरंभ वॉर्सा येथें, नोव्हेंबर २०१३ मध्यें झाला. २०१५ सालीं पॅरिस येथें नवा करार करावयाचा होता व त्यासाठीं प्रत्येक राष्ट्रानें, श्रीमंत असो वा गरीब, आपला संकल्प आधीं पाठवावयाचा होता. त्यास नांव काय द्यावें यावर शेवटच्या घटकेपर्यंत भांडण झालें. मसुद्यांत ‘कमिटमेंट’, म्हणजे वचनबंधन, हा शब्द होता. भारत व चीन यांस तो मान्य नव्हता. अखेर सभागृहांतच घोळका करून उभ्या राहिलेल्या मुत्सद्द्यांनीं ‘कॉन्ट्रिब्यूशन’ हा शब्द निवडला. मराठींत त्यास ‘वर्गणी’ हाच प्रतिशब्द सर्वांत जवळचा. वर्गणी ज्याची त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें घालावयाची असते. ती कमी पडली तर शेजारी कुजबुजतात, परंतु फिर्याद करतां येत नाहीं. पुढील सर्व व्यवस्थेचें बळ व दौर्बल्य या एका शब्दांत आहे. त्याच ठरावांत असेंहि म्हटलें होतें कीं, विकसित राष्ट्रांनीं, द्रव्ययंत्रणेच्या संस्थांनीं व ज्यांस शक्य असेल अशा इतर संस्थांनीं या तयारीसाठीं २०१४ मध्यें होईल तितक्या लवकर साहाय्य द्यावें. ज्यांची तयारी होईल त्यांनीं २०१५ च्या पहिल्या तिमाहींतच संकल्प पाठवावयाचे होते. हाताशीं सोळा महिने होते.

त्या सोळा महिन्यांत, आणि त्यानंतरच्या कांहींत, जी धांवपळ झाली तिला इतिहासांत दुसरी तोड नसावी. शंभराहून अधिक सरकारें एकाच वेळीं एकाच विषयावर दीर्घ मुदतीची योजना लिहावयास बसलीं होतीं. ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटीनें एका देशामागें साधारणतः दोन लक्ष डॉलरपर्यंत मदत ठेविली. जर्मनीच्या सरकारी साहाय्यसंस्थेनें तज्ज्ञ पाठविले. लंडन, वॉशिंग्टन, बर्लिन येथील अभ्याससंस्थांनीं संकल्प कसा लिहावा याचीं मार्गदर्शक पुस्तकें छापलीं. म्हणजे पोथीहि तयार झाली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानें करारसचिवालयाच्या सहकार्यानें निरनिराळ्या खंडांत प्रादेशिक चर्चासभा भरविल्या. आमच्या मतें या सर्व खटाटोपांत चर्चासभांचा उपयोग सर्वांत अधिक व खर्च सर्वांत कमी. कारण तेथें एका आफ्रिकी देशाचा अधिकारी शेजारच्या देशाच्या अधिकाऱ्यास, तुमच्या अर्थमंत्र्यांस तुम्हीं कसें वळविलें, असें विचारूं शकत होता. हें ज्ञान कोणत्याहि पोथींत नसतें. डिसेंबर २०१४ च्या लिमा येथील परिषदेनें अत्यंत गरीब राष्ट्रें व द्वीपराष्ट्रें यांस आंकड्यांऐवजीं केवळ धोरणें व योजना कळविण्याची मुभा देऊन थोडा दिलासा दिला.

या पत्रांपैकीं पांचपन्नास जो कोणी ओळीनें वाचील त्यास परक्या लेखणीचा वास आल्याशिवाय राहणार नाहीं. तीच प्रकरणें, तोच क्रम, तींच इंग्रजी वाक्यें. देशाचें नांव झांकलें तर देश ओळखूं येऊं नये इतकें साम्य. येथें पुरोहिताची उपमा अगदीं तंतोतंत बसते. परंतु एवढ्यावर थांबून हेटाळणी करणें हा अन्याय होईल. इथिओपियाचें उदाहरण घ्या. त्या देशानें २०११ सालींच हवामान व आर्थिक उन्नति यांची सांगड घालणारी योजना केली होती. ती करतांनाहि परकीय सल्लागार होते. पण योजना पंतप्रधानांच्या कचेरींतून चालली आणि तिच्या आधारें जून २०१५ मध्यें, वाढ अनिर्बंध चालली तर २०३० मध्यें जेवढे वायु होतील त्यांत शेंकडा ६४ घट करण्याचा संकल्प, साहाय्याच्या अपेक्षेनें, जाहीर झाला. चार वर्षांची मशागत आधीं झालेली असल्यानें परक्यांची मदत तेथें रुजली.

याहून चमत्कारिक उदाहरण मार्शल बेटांचें. समुद्रसपाटीपासून हातभर उंचीचीं हीं प्रवाळद्वीपें. लोकवस्ती आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढी. त्यांचे वायु जगाच्या हिशेबांत दिसतहि नाहींत. त्यांनीं कांहींहि संकल्प केला नसता तरी कोणीं बोट दाखविलें नसतें. तथापि जुलै २०१५ मध्यें त्यांनीं, २०१० च्या तुलनेनें २०२५ पर्यंत शेंकडा ३२ प्रत्यक्ष घट करण्याचा संकल्प पाठविला व द्वीपराष्ट्रांत पहिला मान मिळविला. त्यांचे परराष्ट्रमंत्री टोनी डी ब्रुम यांनीं पुढें पॅरिसमध्यें श्रीमंत व गरीब राष्ट्रांचा एक संयुक्त गट उभारला, आणि तपमानाची वाढ दीड अंशापर्यंत रोखण्याचा प्रयत्न करावा हें वाक्य करारांत आणण्यांत या गटाचा मोठा हात होता. येथें आमची उपमा मोडते. या यजमानानें पुरोहिताकडून गणित तेवढें घेतलें. मंत्र स्वतःच म्हटला, आणि तो इतक्या मोठ्यानें म्हटला कीं मोठ्या यजमानांस झोंप लागेना.

आणखी एका बाबतींत संकल्पाची उपमा अपुरी आहे. विकसनशील राष्ट्रांपैकीं बहुतेकांच्या पत्रांत दोन भाग आहेत: एक बिनशर्त, दुसरा सशर्त. आमच्या शेजारच्या बांगला देशानें वीज, वाहतूक व उद्योग यांतील वायु २०३० पर्यंत अपेक्षित वाढीच्या मानानें आपल्या बळावर शेंकडा ५ व साहाय्य मिळाल्यास शेंकडा १५ कमी करूं असें म्हटलें. याला संकल्प न म्हणतां नवस म्हणावें. अमुक दे, मग अमुक करीन. युरोपांतील कांहीं टीकाकारांस हा सौद्याचा प्रकार वाटला. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. १९९२ च्या सातव्या पोटकलमाचा हा शब्दशः अनुवाद आहे. बांगला देशानें फक्त त्यांत आंकडे भरले. नवसांतील खरी अडचण निराळी आहे. देव कौल देतो किंवा देत नाहीं. पण येथें ज्यांस नवस बोलला त्यांनीं तो ऐकला कीं नाहीं हेंहि कळण्याची सोय नाहीं.

भारताचा संकल्प २ ऑक्टोबर २०१५ रोजीं, गांधीजयंतीस, त्या वेळचे पर्यावरणमंत्री, पुण्याचे श्री. प्रकाश जावडेकर यांनीं जाहीर केला. २००५ च्या तुलनेनें २०३० पर्यंत उत्पन्नाच्या प्रमाणांत शेंकडा ३३ ते ३५ घट. वीजनिर्मितीच्या सामर्थ्यापैकीं शेंकडा ४० खनिज इंधनाखेरीज. आणि अडीच ते तीन अब्ज टन कर्बवायु शोषून घेणारी अधिक वनराजि. या सर्वास २०३० पर्यंत निदान अडीच लाख कोटि डॉलर लागतील असाहि अंदाज त्यांत दिला होता. भारतास पत्र लिहून देणाऱ्याची गरज नव्हती. गरज असेल तर ती या शेवटच्या आंकड्याची होती.

आणि हाच या इतिहासांतील मर्माचा प्रश्न आहे. संकल्प लिहिण्यास साहाय्य देणें स्वस्त असतें. पार पाडण्यास देणें महाग. १ ऑक्टोबर २०१५ पर्यंत १४७ राष्ट्रांच्या वतीनें ११९ पत्रें सचिवालयाकडे आलीं. त्यांत जगांतील वायूंचा शेंकडा ८६ भाग समाविष्ट होता. मोजणाऱ्या यंत्रणेचें हें यश निर्विवाद आहे. परंतु सर्व संकल्प पुरे झाले तरी शतकाच्या अखेरीस तपमानाची वाढ २·७ अंशांच्या आसपास जाईल असा त्या वेळचा एक हिशेब होता. पॅरिसच्या करारानें दर पांच वर्षांनीं नवा व अधिक मोठा संकल्प करण्याचें बंधन घातलें, आणि त्यासाठीं विकसनशील राष्ट्रांस साहाय्य दिलें जाईल असें चौथ्या कलमांतच लिहून ठेविलें. मग साहाय्याचे कारखानेच निघाले. २०१६ मध्यें मराकेश येथें जर्मनी व मोरोक्को यांच्या पुढाकारानें राष्ट्रीय संकल्पांसाठीं एक भागीदारी स्थापन झाली. २०१९ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानें शंभराहून अधिक देशांस नवे संकल्प करण्यास मदत करणारा उपक्रम काढला. हिशेब पारदर्शक व्हावा म्हणून आणखी एक. पुढच्या फेरींतील संकल्प पहिल्यांपेक्षां निश्चित अधिक बारकाईचे व सप्रमाण आहेत, हें कबूल केलें पाहिजे. भारतानेंहि ऑगस्ट २०२२ मध्यें आपले आंकडे वाढवून अनुक्रमें ४५ व ५० केले.

शंभर अब्जांचें ध्येय मात्र श्रीमंत राष्ट्रांच्याच संघटनेच्या मोजणीनें २०२० ऐवजीं २०२२ मध्यें गांठलें गेलें, आणि त्यांतील मोठा भाग कर्जाचा होता. नोव्हेंबर २०२४ मध्यें बाकू येथें २०३५ पर्यंत दरसाल तीनशें अब्ज असा नवा आंकडा अध्यक्षांनीं हातोडा आपटून संमत केला. भारताच्या प्रतिनिधीनें त्यानंतर उठून, आम्हांस बोलूं दिलें नाहीं आणि हा आंकडा आम्हांस मान्य नाहीं, असें बजावलें. सातव्या पोटकलमाचा उल्लेख तेथें झालेल्या भाषणांतून पुन्हां पुन्हां होत होता. बत्तीस वर्षांनंतरहि वादाचा पाया तोच होता.

नव्या फेरीचे संकल्प १० फेब्रुवारी २०२५ पर्यंत पोंचावयाचे होते. त्या दिवशीं, एकशें पंचाण्णव राष्ट्रांपैकीं जेमतेम बारा-तेरा राष्ट्रांचेच पोंचले. त्यांत अमेरिकेचा होता. तो डिसेंबर २०२४ मध्यें, मुदतीच्या बऱ्याच आधीं, दाखल झाला होता, आणि पुढच्याच महिन्यांत तेथील नव्या सरकारनें करारांतून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचें जाहीर केलें. विकसनशील देशांस अशा योजना करण्यास साहाय्य देणारी तिची परराष्ट्र-साहाय्यसंस्थाहि त्याच वर्षाच्या जुलैंत बंद झाली. वेळेवर आलेल्या त्या मोजक्या पत्रांत झिंबाब्वेचें होतें, सेंट ल्यूशियाचें होतें, आणि मार्शल बेटांचेंहि होतें.